वीतभर दोरी

आंब्याला मोहोर आला की रत्नागिरीत कुणाला यंदाचे भाव दिसायला लागतात, कुणाला तुडतुडे दिसतात, कुणाला मुंबईचा दलाल दिसतो. मला भाटकरबाई दिसतात. पहाटे खिडकी उघडावी, मागच्या कलमांवरून तो गोडसर, किंचित तुरट, नाकात मिरमिरणारा वास आत यावा आणि माझ्या पोटात काहीतरी खुपावं, हे इतकी वर्षं चाललं आहे. डॉक्टर म्हणतात, पित्त आहे. असेल. पण पित्त दर वर्षी नेमकं पौषातच कसं उठतं, आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट घालून कसं उठतं, हे काही डॉक्टरांना सांगता आलेलं नाही.

काल पुन्हा तो वास आला. हे ओटीवर खुर्चीत बसले होते. नाक जरा वर करून म्हणाले, "पायरीला आधी आला गो. हापूस अजून विचार करतोय." यांना दिसत नाही, त्यालाही आता कितीतरी वर्षं होऊन गेली. मी चहाचा कप यांच्या हातात दिला आणि झाडांकडे बघत राहिले. त्या वासाबरोबर ती एक थंडी परत आली. ऐंशीच्या दशकातली. भाट्याच्या समुद्रकाठची ओली पुळण, टेम्पोतला पेंढ्याचा वास, सासूबाईंचं खणखणीत "व्हय म्हाराजा", आणि माझा जळफळाट. मत्सर म्हणत नाही मी त्याला. मत्सर फार भारदस्त शब्द आहे, तो राजवाड्यातल्या राण्यांनी करावा. माझा आपला घरगुती, चुलीवरचा जळफळाट होता.

यांची दृष्टी एकदम गेली नाही. आधी रात्र गेली. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी हे तिन्हीसांजेला पायरी चुकायला लागले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "बायकोकडे बघत चालतो, दुसरं काय!" मीही लाजून घेतलं. मग कडा गेल्या. बाजूने येणारी सायकल, बाजूला ठेवलेली बादली, बाजूला उभी असलेली मी, असं सगळं एकेक करून दिसेनासं झालं. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यांचा पडदा वाळत चाललाय, औषध नाही. शेवटी मधोमध एक रुपयाएवढी जागा उरली. त्या जागेत माझं अख्खं तोंड मावत नसे. हे मला खिडकीच्या उजेडात बसवायचे आणि हप्त्याहप्त्याने बघायचे. आज कपाळ, उद्या नाक, परवा हनुवटीवरचा तीळ. मला हसू यायचं आणि मान हलायची. "हलू नको गो, तीळ सांडला," असं म्हणायचे. मी तेव्हा तिशीची होते. एका दिवाळीत तो रुपयाही खर्च झाला.

तेव्हापासून आमच्या घराचे डोळे मी झाले, आणि खरं सांगायचं तर मला ते फार मानवलं. हे शाळेत गणित शिकवायचे. दृष्टी गेल्यावर शाळेने यांना ग्रंथालयात बसवलं. ज्याला दिसत नाही त्याच्या ताब्यात पुस्तकं देणं हे कुणाला सुचलं देव जाणे, पण पगार चालू राहिला. घरी आले की माझी शाळा सुरू. पेपर वाचून दाखवायचा, आणि पेपरात नसलेलं जग तोंडाने दाखवायचं. गल्लीतून कोण गेलं, कुणाच्या अंगणात काय वाळत घातलंय, शेजारच्या काकूंनी कुठल्या रंगाची साडी नेसून कुठल्या रंगाचं तोंड केलंय. मांडवीचा समुद्र मी दाखवीन तसा असायचा. वाटेत म्हैस आली तरी मी ती शिंगांपासून शेपटीपर्यंत सांगायचे. कधी थोडा मसालाही घालायचे. हे ऐकायचे, हसायचे, माझ्या दंडाला धरून चालायचे. अख्ख्या जगाची मालकीण असल्यासारखं वाटायचं मला. त्या राज्यात माझ्याशिवाय कुणाची नाणी चालत नव्हती.

आणि मग यांना धावायची हुक्की आली.

झालं असं, की हे बोटांनी वाचायला शिकायला म्हणून एका ठिकाणी जायचे. गावातल्या चार भल्या माणसांनी आंधळ्या मुलांसाठी भाड्याची जागा घेतली होती. देवरूखच्या वरच्या वाड्यांतली, उघड्या कातळाच्या सड्यावरच्या गावांतली मुलं तिथे राहून शिकत. जागा म्हणजे एक खोली आणि पुढे पडवी. मुलं पडवीत निजायची. पावसाळ्यात अंथरुणं आणि मुलं दोन्ही भिजायची. पुढे कुणीतरी वसतिगृहासाठी जमिनीचा तुकडा दिला, पण त्यावर भिंत नाही की छप्पर नाही. एकदा हे घरी आले ते जेवता जेवता थांबले. म्हणाले, "त्यातल्या एका पोराने मला विचारलं, सर, पाऊस दिसतो कसा? मला तर तो फक्त लागतो." मग बराच वेळ भात चिवडत बसले आणि म्हणाले, "मी धावतो."

"कुठे?" मी विचारलं.

"पावसला."

"कशाला?"

"परत यायला."

कॉलेजात असताना हे लांब पल्ल्याच्या शर्यतींत धावत, हे मी ऐकून होते. पितळी पेले फडताळात होतेच, आम्ही त्यांत मोहरी आणि मेथ्या ठेवायचो. आता यांच्या डोक्यात होती ती पुरी मॅरेथॉन. मांडवीहून निघायचं, भाट्याचा पूल ओलांडून गोळपवरून पावस गाव गाठायचं, तसंच परत यायचं, आणि जे काही अंतर कमी पडेल ते भाट्याच्या पुळणीवर धावून पुरं करायचं. जितके मैल होतील तितक्या मैलांचं लोकांनी वसतिगृहाला द्यायचं. पैसे नाही. आमच्याकडचा माणूस पैसा म्हटलं की आधी कंबरेचा करगोटा चाचपतो आणि मग "आंबा होऊ दे, बघू" म्हणतो. पण विहिरीच्या कामातून उरलेले चिरे, गोठ्यामागे रचून ठेवलेली कौलं ही प्रत्येकाकडे असतात आणि ती द्यायला जीव कासावीस होत नाही. तेव्हा मैलामागे कुणी चिरे कबूल केले, कुणी कौलं. यांनी घरोघर जाऊन सांगितलं आणि मी बरोबर जाऊन प्रत्येकाचं तोंड कसं झालं ते यांना सांगितलं. एक मैल कमी झाला तर तेवढी भिंत कमी. हिशोब साधा होता.

प्रश्न एकच. बरोबर धावणार कोण?

मी म्हटलं, "कोण म्हणजे? मी."

सासूबाईंनी माझ्याकडे वरून खाली पाहिलं. नंतर खालून वर पाहिलं. मग ताक घुसळायला निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघं भाट्याला गेलो. पाचवारी साडी नेसून पुळणीवर धावणं म्हणजे पोत्यात पाय घालून धावण्याची शर्यत, फक्त बक्षीस नाही. त्यात माझी जीभ. धावते आहे म्हणून जग सांगायचं थांबवावं हे मला कुठलं सुचायला! "ते बघा हो, बगळे... बगळे बसलेत... होडीवर... आणि एक... एक मेला..." इतक्यात माझा पाय जाळ्यात अडकला आणि मी तोंडावर, हे माझ्यावर. सुरूच्या बनापर्यंतसुद्धा पोचलो नव्हतो. उठून बसल्यावर हे माझ्या केसांतली वाळू झटकत हळूच म्हणाले, "तू बोल किंवा धाव, गो. दोन्ही नको." वाक्य प्रेमाचंच होतं. पण नोकरीवरून काढताना साहेबसुद्धा प्रेमानेच बोलतो.

तर अशा रीतीने भाटकरबाई आल्या.

मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवायच्या. भाट्याच्याच. वडिलांची होडी होती. वय असेल पंचविशीचं. यांच्या शाळेतल्या कुणीतरी नाव सुचवलं आणि त्या वर्षी दिवाळीच्या एका संध्याकाळी त्या आमच्या ओटीवर उभ्या राहिल्या. उंच, सावळ्या, नुकत्या घासलेल्या समईसारख्या लखलखीत. पाठीवर मनगटाएवढी जाड वेणी. पंजाबी ड्रेस, तोही त्या काळात, तोही ओढणी कंबरेला बांधून, आणि पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. "नमस्कार वहिनी," म्हणाल्या आणि हसल्या. मी पहिल्या नजरेतच खोड शोधायला लागले. एक आठवडा लागला. खळी एकाच गालाला पडायची. पण नीट बघितलं तर ती काही खोड नव्हती. मी तोंडावर त्यांना "भाटकरबाई" आणि "अहो जाहो" करायचे, मनात मात्र एकेरीवरच होते.

आता बरोबर धावायचं तर दोघांच्या हातांत एक दोरी हवी, तिची दोन टोकं दोघांनी धरायची, असं त्यांनी समजावलं. सासूबाईंनी ताबडतोब त्यात लक्ष घातलं. "परक्या बाईपासून माणसाने चार हात लांब असावं," त्या म्हणाल्या. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल जेवढं प्रेम वाटलं तेवढं आधी कधी वाटलं नव्हतं. मी माझ्या जुन्या सुती साडीच्या चिंध्या फाडल्या आणि वेणी घालतात तशी दोरी वळली. मऊ, मजबूत आणि मोजून चार हात.

पहिल्याच दिवशी भाट्याच्या पुळणीवर ओढून ठेवलेली एक होडी मध्ये आली. भाटकरबाई तिच्या डावीकडून गेल्या, हे उजवीकडून, आणि दोरी गेली होडीच्या नाकाला अडकून. दोघंही वाळूत बसले. जाळी विणणारे लोक उभे राहून ओरडले, "ओ बाय, होडी बांधतंस की मास्तरांना?" मी सुरूखाली उभी होते. त्या हशात सगळ्यात मोठं हसू भाटकरबाईंचं होतं, आणि यांचं. दोघं एकदम हसत होते. मला ते ऐकवेना.

त्या दोरी घेऊन माझ्याकडे आल्या. "वहिनी, एवढी लांब नको. मला वळायचं असलं तर ते सरांच्या हाताला कळतच नाही. जरा कमी कराल?"

मी हातभर कमी केली. आठवड्याने पुन्हा आल्या, "वहिनी, अजून थोडी." खांद्याला खांदा लागला पाहिजे म्हणे, म्हणजे न बोलता कळतं. मी पुन्हा कात्री आणली. पुढच्या महिन्यात पुन्हा. दोरी कुणी दुसऱ्याने कापली असती तर मी निदान भांडले असते. पण ती माझ्या साडीची, माझ्या हातची वळलेली, माझ्याच कात्रीने कापलेली. चार हातांवरून ती थंडी सरता सरता वितीवर आली. कापलेले तुकडे मी चुलीत टाकायचे आणि ते चांगले पेटायचे.

त्या थंडीत मी जितकं पाहिलं तितकं आयुष्यात कधी पाहिलं नाही. जळणाऱ्या माणसाची नजर फार तीक्ष्ण होते. दोघं धावत लांब गेले की मला धुक्यातूनही दिसायचं, की उजवं पाऊल दोघांचं एकदम उचलतंय. वेणी इकडून तिकडे, इकडून तिकडे. पुळणीवर पावलांच्या दोन रांगा उमटायच्या, शेजारी शेजारी, लाट येऊन पुसेपर्यंत. आमच्या घरात एक माणूस काही बघत नव्हता आणि एक बाई नको तेवढं बघत होती. सरासरी काढली तर घराची दृष्टी उत्तम होती.

धावून आल्यावर हे न्हाणीघरातून मोठ्याने गायचे. खायचे तर असे की सासूबाईंनी पेजेचं पातेलं बदललं. भाटकरबाई म्हणाल्या, सरांना अंडी द्या. आमच्या घरात तोवर अंडं शिरलं नव्हतं. ते मागच्या दाराने आलं, वेगळ्या भांड्यात उकडलं, आणि सासूबाई तेवढा वेळ तुळशीपाशी उभ्या राहिल्या. हे सगळं मी सोसलं. पण एका सकाळी हे घाम पुसत म्हणाले, "भाटकरबाईंचं एक बरं आहे. फार बोलत नाहीत. 'उजवी. चढ. दगड.' एवढंच. डोकं कसं शांत राहतं."

अंड्यापेक्षा ते घशाखाली उतरायला जड होतं.

मग मीही शांत राहायचं ठरवलं. हवंय ना शांत डोकं? घ्या. सकाळपासून एक शब्द नाही. पेपर घडी घालून ठेवला. यांच्यासमोर ताट सरकवलं, "ताट" म्हटलं. पाणी ठेवलं, "पाणी" म्हटलं. दुपारी हे कपाटाच्या उघड्या दारावर आपटले आणि कपाळाला टेंगूळ आलं. सासूबाई हळद लावता लावता म्हणाल्या, "काय गो, आज घरात कुणी गेलंय की काय?" हे टेंगूळ चोळत म्हणाले, "घर आज फार अंधारं आहे." मी लगेच विरघळले. शेजारच्या काकूंच्या नव्या पडद्यांपासून सुरुवात केली ती दिवेलागणीपर्यंत.

मात्र एक गोष्ट मी सांगितली नाही, आणि यांनी ती विचारली नाही. भाटकरबाई दिसायला कशा आहेत, हे या माणसाने एकदाही विचारलं नाही. माझं उत्तर तयार होतं. रोज रात्री उशीवर डोकं टेकलं की मी त्यावर एक हात फिरवायचे. दात जरा पुढे, असं म्हणायचं. रंग अगदीच, असं म्हणायचं. केस असे विरळ, की दया येते. माझ्या राज्यात मी म्हणेन तेच खरं होतं, एका वाक्यात मी त्या बाईला कायमची कुरूप करू शकत होते. पण त्यासाठी यांनी विचारायला तर हवं! आणि हे विचारत नाहीत म्हणजे काय? यांना कळलंय? कशाने? त्या वीतभर दोरीतून काय काय कळतं माणसाला? मी माझ्या उत्तरासकट जागी राहायचे आणि हे दमलेल्या माणसाचं गाढ घोरायचे.

धावायचा दिवस माघातला. थंडी होती, आणि मोहोराचा वास एवढा, की जणू गावाला कुणी उटणं लावलंय. मांडवीवर ही गर्दी. वसतिगृहातली मुलं एकमेकांचे खांदे धरून रांगेत उभी. आणि आमच्याकडे कुठलीही गोष्ट देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय सुरू होत नाही, मग ती नवी होडी असो की एस.टी.ची नवी गाडी. गुरवाने नारळ हातात घेतला, डोळे मिटले आणि आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गर्दी.

"आज ही तुझी जोडी तुझ्या नावानं निघाली हाय..."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या जोडीच्या पायात काटा मोडू नको, ह्या जोडीला नजर लागू नको, गेली तशी एकजीवानं परत येवं दे..."

"व्हय म्हाराजा!"

जोडी! गुरव बिचारा सवयीने बोलत होता. देवापुढे दोघं उभी राहिली की त्याच्या तोंडी जोडपंच येणार. पण अख्खा गाव देवासमोर एका सुरात हो म्हणत होता, आणि सगळ्यात खणखणीत आवाज माझ्या शेजारून येत होता. सासूबाईंचा. तिसऱ्या "व्हय म्हाराजा"नंतर त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी तोंडाला पदर लावला, माझ्याकडे तिरकं पाहिलं आणि पुटपुटल्या, "धावण्यापुरतंच म्हटलंय हो मी." नारळ फुटला. दोघं निघाले.

मागून टेम्पो. आंब्याच्या पेट्या वाहणारा, अजून गेल्या मोसमाच्या पेंढ्याचा वास असलेला. पुढे टेम्पोवाला, मध्ये पाण्याची कळशी मांडीवर घेतलेल्या सासूबाई, खिडकीशी मी. पावसपर्यंत मी दोन पाठी पाहत गेले. भाट्याचा पूल, खाली चमचमणारी खाडी, मग चढ, मग सडा, आणि सगळ्याच्या पुढे त्या दोन पाठी. ऊन वर आलं तशी त्यांची सावली रस्त्यावर पडली. दोन माणसं, सावली एक. मी सासूबाईंना म्हटलं, "मला मळमळतंय." त्या म्हणाल्या, "बाहेर बघू नको." पण तेच तर माझं काम होतं.

जाताना सगळं छान झालं. परतताना गोळपचा चढ आला, आणि त्या उघड्या कातळाच्या रस्त्यावर हे थांबले. एकदम नाही. आधी पावलं चुकली, मग चालायला लागले, मग उभेच राहिले. गुडघ्यांवर हात, मान खाली. टेम्पो थांबला. मी उडी मारून उतरले.

"सर, चढ संपत आला," भाटकरबाई म्हणत होत्या. "थोडाच राहिलाय."

"कुणास ठाऊक," हे म्हणाले. आवाज ओळखू येईना. "मला काही दिसत नाही. किती आलं, किती राहिलं, काही नाही. मघापासून एका काळोखात नुसता चढतोय. नाही व्हायचं माझ्याने."

इतक्या वर्षांत "मला दिसत नाही" हे यांच्या तोंडून मी असं कधी ऐकलं नव्हतं. मला त्या पोराचं बोलणं आठवलं, पाऊस फक्त लागतो म्हणणाऱ्या. उरलेले मैल म्हणजे उरलेली भिंत, आणि तो माणूस तिथे कातळावर वाकून उभा. भाटकरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "वहिनी, मला 'चढ' आणि 'दगड' याच्यापुढे काही बोलता येत नाही हो. तुम्ही बोला ना सरांशी."

मी, जिची जीभ झोपेतही थांबत नाही, ती मी गप्प.

टेम्पोतून सासूबाई कडाडल्या, "बोल गो बाई! एरवी तोंड मिटत नाही ते!"

मी खिडकीत चढून बसले आणि तोंड उघडलं.

"अहो, तो बघा, डाव्या हाताच्या बागेत एक माणूस पाठीला पंप लावून मोहोरावर फवारा मारतोय. तुमच्याकडे बघण्याच्या नादात स्वतःच्याच धोतरावर मारतोय मेला! यंदा त्याच्या धोतराला आंबे लागणार." यांची मान जराशी वर आली. "पुढे एक घर आहे. बाईने अंगण सारवलंय आणि मांजर ओल्यातून चालत गेलंय, पायांचे ठसे थेट चुलीपर्यंत. ती खराटा घेऊन मागे, आणि मांजर कौलांवर बसून अंग चाटतंय. आता ती बाई तुम्हाला बघायला थांबली. मांजरही थांबलं."

हे हसले. पाऊल उचललं. दोरी हलली. टेम्पोवाल्याने न सांगता गाडी बाजूला घेतली आणि माणसाच्या चालीने सोडली.

"म्हैस आहे उजवीकडे. अगदी आपल्या हेडमास्तरांसारखी बघते आहे, ऐकतेय सगळं आणि मान मात्र हलवत नाही. टेम्पोवाल्याच्या कानात कापूस आहे, माझ्यामुळेच घातला असणार. आणि अहो, हे बघा! या घरापुढे रस्त्याला लागून चिरे रचलेत. तुमच्यासाठी! वर जास्वंदीचं फूल ठेवलंय. पुढच्या घरापुढे पण! कौलं आहेत, जुनी, शेवाळलेली. म्हातारा शेजारी उभा आहे, तुम्हाला नमस्कार करतोय, आणि तुम्हाला दिसत नाही हे आठवून आता हात खाली घेतोय."

यांनी धावता धावता हात वर करून नमस्कार केला. म्हातारा कावराबावरा होऊन पुन्हा हात जोडून उभा.

मी बोलत राहिले. गोळपचा सडा बोलले, काजूची झाडं बोलले, उतार बोलले, खाली समुद्र दिसायला लागला तो बोलले. भाटकरबाई हसत हसत धावत होत्या. माझा घसा गेला. भाट्याला पोचल्यावर शेवटचं अंतर पुळणीवर होतं, तिथे टेम्पो जाईना. मी काठावर उभी राहून कावळ्यासारख्या आवाजात काहीबाही ओरडत होते. आणि त्या दोन पाठी माझ्यापासून लांब गेल्या, वळल्या, आणि दोन तोंडं होऊन परत आल्या. मुलांनी टाळ्या वाजवल्या. यांनी दोरी सोडली आणि पहिलं काही बोलले असतील तर, "कुठे गेली ही? एकदम गप्प का?"

आवाज उरलाच नव्हता. तो महाशिवरात्रीला परत आला.

संध्याकाळी हे ओटीवर घमेल्यातल्या गरम पाण्यात पाय सोडून बसले होते. मी मीठ टाकत होते. यांनी पाण्यात अंगठे हलवले आणि म्हणाले, "एक विचारू? भाटकरबाई दिसायला कशा आहेत गो?"

आला. इतक्या रात्रींचा माझा पाहुणा शेवटी दारात आला. दात, रंग, केस, सगळं जिभेवर ओळीने उभं राहिलं. मी मीठ चोळत राहिले. डोळ्यांसमोर गोळपचा चढ आला, आणि "मला बोलता येत नाही हो" म्हणणारा तो रडवेला चेहरा.

"छान आहेत," मी घोगऱ्या आवाजात म्हटलं.

"किती?"

"फारच."

"मला ठाऊक होतं."

माझा हात पाण्यात थांबला. "कुणी सांगितलं?"

"तूच."

"मी? मी एक अक्षर बोलले नाही!"

"तेच तर," हे म्हणाले. "आज तू मला मांजर सांगितलंस, म्हैस सांगितलीस, टेम्पोवाल्याच्या कानातला कापूस सांगितलास. माझ्या हाताला बांधलेली बाई तेवढी सांगितली नाहीस. आज नाही आणि दिवाळीपासून एकदाही नाही. दिसायला वाईट असत्या, तर तू पहिल्याच दिवशी सांगितलं असतंस गो."

आत स्वयंपाकघरात सासूबाईंच्या हातून पळी पडली. त्या हसत होत्या.

भाटकरबाई पुढे लग्न होऊन चिपळूणला गेल्या. मोहोराच्या दिवसांत त्यांचा फोन येतो, "वहिनी, सर फिरतात ना रोज?" फोन मीच उचलते. अजूनही. वसतिगृह उभं आहे. त्याच्या छपराला एकसारखी दोन कौलं सापडायची नाहीत, कुठे लाल, कुठे काळवंडलेली, ज्याच्या गोठ्यामागून जशी आली तशी. पावसाळ्यात त्यावर पाऊस वाजतो म्हणतात, प्रत्येक कौलावर वेगळा. ती दोरी आमच्या ओटीवरच्या खुंटीला आहे. वीतभर दोरी कशालाही पुरत नाही. ना बादलीला, ना वासराला.

भाटकरबाईंवरचा जळफळाट आता फक्त पौषापुरता उरलाय, सवयीचा. हल्ली मला दुसऱ्याच एका बाईचा हेवा वाटतो. ती तिशीची आहे. तिचे केस काळेभोर आहेत, हनुवटीवर तीळ आहे, आणि हे रोज सकाळी तिच्याशी बोलतात. तिला वय होत नाही. माझा चहा हे तिच्या हातून घेतात. आरशात मला ती भेटत नाही, तिथे दुसरीच कुणीतरी बाई चष्मा शोधत असते. यांना मी अजून सगळं सांगते. काकूंची कवळी सांगते, समुद्र सांगते, म्हैस सांगते.

काल चहा पिता पिता हे म्हणाले, "मोहोर कसा आहे गो यंदा?" मी सांगितला. फांदी न् फांदी सांगितली. हे ऐकत होते. मग कप खाली ठेवून म्हणाले, "आणि तुझे केस? बरीच वर्षं त्यांच्याबद्दल काही ऐकलं नाही."

मी काही बोलले नाही.

हे हसायला लागले, ते खुर्ची करकरेपर्यंत.